जोडपान बासष्ट-त्रेसष्ट

"पुस्तक फाडलंत तुम्ही?" आठल्येसरांनी विचारलं.

"बांधणी सोडवली, सर. पानं सपाट झाल्याशिवाय स्कॅन नीट येत नाही."

मी पिशवीतून गठ्ठा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. पुठ्ठा वेगळा, पानं वेगळी. डिंक खरवडताना पानांच्या आतल्या कडा खरखरीत झाल्या होत्या. सर त्या कडांवरून अंगठा फिरवत राहिले. पंच्याहत्तरीचे होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हात जरासे कापायचे. वाईला घाटाजवळच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे.

ही दोन हजार चौदाची गोष्ट. मी तेव्हा साताऱ्यात एका लहानशा कंपनीत होते. छापील पुस्तकांची ई-बुकं करायची, हे आमचं काम. कथा-कादंबऱ्या सोप्या. अक्षरं कुठल्याही मापाच्या पडद्यावर आपोआप बसतात. फोटोंचं पुस्तक तसं बसत नाही. सदानंद आठल्ये यांचं 'धक्क्यावर' हे पुस्तक धरणाच्या पाण्याकाठच्या गावांचं होतं. लाँच, होड्या, धक्के, पलीकडं जायला थांबलेली माणसं. सगळे फोटो काळे-पांढरे. आवृत्ती कधीच संपली होती, छापखान्याकडच्या फायली गहाळ होत्या, आणि दोन किलोचं ते पुस्तक पुन्हा छापायची प्रकाशकाची तयारी नव्हती. म्हणून ते ई-रीडरवर आणायचं ठरलं. ई-रीडरचा पडदा राखाडी, फोटोही रंगीत नाहीत, तेव्हा छान दिसेल असं मीच प्रकाशकाला पटवलं होतं. काम मी मागून घेतलं होतं. का, ते सरांना माहीत नव्हतं.

"बाकी सगळी जोडपानं मी एकसंध केली आहेत," मी म्हणाले. "ई-रीडर आडवा धरला की दोन्ही पानं मिळून एक फोटो दिसतो. एकाच ठिकाणी अडलंय."

मी बासष्ट आणि त्रेसष्ट ही पानं काढून त्यांच्यापुढं शेजारी शेजारी ठेवली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही वेगळीच राहू द्या. आधी डावं पान, मग उजवं."

"पण फोटो एकच आहे."

"असू दे. वाचकाला काही अडणार नाही."

"सर, हा दोर बघा. डाव्या पानावर इथून आत जातो. उजव्या पानावर निघतो तो इथं, एवढा खाली. धक्क्याच्या पायऱ्याही जुळत नाहीत. मधलं काहीतरी गेलंय."

"शिवणीत जातं थोडं. सगळ्याच पुस्तकांत जातं."

"थोडं जातं. सूतभर, दोन सूत. इथं तीन बोटं गेलीत."

सरांनी दोन्ही पानं उचलली आणि गठ्ठ्यात घातली. मधेच कुठंतरी, क्रम न बघता. "चहा टाकतो," ते म्हणाले.

"निगेटिव्ह असेल ना?"

"नाही."

फार पटकन म्हणाले. मी उठले नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले होते, पाठ माझ्याकडं.

"सर, डाव्या पानाच्या टोकाला एक कोपर आहे. खाकी बाही, दुमडलेली. त्या कोपराच्या पुढं कोण आहे?"

"असेल कुणीतरी. बाजारचा दिवस होता. शंभर माणसं होती धक्क्यावर."

"कोंडिबा सपकाळ आहेत."

ते वळले. "तुम्ही वर्तमानपत्रातर्फे आलात का?"

"नाही. ई-बुकचंच काम करते. पण निंबाळकर हे माझं सासरचं नाव. मी उज्ज्वला कोंडिबा सपकाळ. लाँच त्यांच्या हातात होती."

हे नाव मी अकरा वर्षांत परक्या माणसापुढं पहिल्यांदा उच्चारत होते. खिरवंडीच्या धक्क्यावरून माझे वडील लाँच चालवायचे. दोन हजार तीनच्या मे महिन्यात, बाजारच्या दिवशी, भर पाण्यात ती लाँच कलंडली. पंचवीस माणसांची परवानगी आणि वर त्रेचाळीस माणसं. सतरा गेली. वडीलही गेले. मी साताऱ्याला वसतिगृहात होते, बारावीचा निकाल यायचा होता. चौकशी झाली, अहवाल आला, त्यात आमच्या वाट्याला एक ओळ होती : चालकाने क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतल्याने दुर्घटना घडली.

त्या ओळीच्याही आधी गावानं निकाल दिला होता. दारावर शेण पडलं. गिरणीवाला आमचं दळण घेईना. वडिलांच्या तेराव्याला भावकीतलं एक माणूस आलं नाही. आईनं एक ट्रंक घेतली आणि साताऱ्याला येऊन एका खाणावळीत चपात्या लाटायला लागली. त्या दिवसांत तिनं मला एकदाच काय ते सांगितलं होतं, "तुझा बाप दोन्ही हात आडवे करून हुबा व्हता, उजे. नगा चढू म्हनत व्हता."

त्या वाक्यावर मी जगले. कॉलेजात असताना वाचनालयात सरांचं पुस्तक हाती लागलं. बासष्टाव्या पानावर ते कोपर दिसलं आणि मी ओळखलं. बाही दुमडायची ती पद्धत त्यांचीच. शिवाय ते कोपर आडव्या हाताचं होतं. शिवण मी दोन्ही हातांनी फाकवून बघितली, आत डोकावून बघितलं, आत नुसता अंधार. आईला मी ते पुस्तक दाखवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. "मला नगं दावूस," म्हणाली. मग मी एकटीच जाऊन बघायची. आता त्याच पुस्तकाची बांधणी मी माझ्या हातानं सोडवली होती, आणि आत वडील नव्हतेच. कागदावर ते आलेच नव्हते.

आठल्येसर हळूच खुर्चीवर बसले.

"मग तर नाहीच," ते म्हणाले.

"म्हणजे निगेटिव्ह आहे."

"तुम्ही घरी जा. प्रकाशकाला मी फोन करतो. हे काम दुसऱ्या कुणाला द्यायला सांगतो."

"तुमच्याकडं पुरावा होता, सर. ते लोकांना अडवत होते याचा पुरावा. अकरा वर्षं तुम्ही तो दाबून ठेवलात. माझी आई लोकांच्या चपात्या लाटते. अजून कुणी गाव विचारलं तर खोटं नाव सांगते."

"आवाज खाली घ्या."

"नाही घेत."

आणि मग माझं अवसान गेलं. मी त्यांचे पाय धरले. आज ते आठवून लाज वाटते, त्या वेळी वाटली नाही. मी म्हणत होते, "छापू नका. कुणाला दाखवू नका. मला एकदा बघू द्या. आमच्याकडं त्यांचा एकही फोटो नाही. लायसनवर एक होता, तो त्यांच्या खिशातच भिजून गेला. मला त्यांचा चेहरा आठवेनासा झालाय, सर. आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही."

सरांनी मला उठवलं नाही.  ते बोलले तेव्हा अगं-तुगं वर आले होते.

"मी त्या लाँचवर चढणार होतो. हा फोटो घेतला आणि रोल संपला. नवा भरेपर्यंत त्यांनी दोर सोडला. तुझ्या वडिलांनी मला हात केला, पुढच्या फेरीला या म्हणून." ते थांबले. "चौकशीवाले आले होते. सगळे फोटो दिले त्यांना. हा दिला नाही."

"का?"

त्यांनी उठून लोखंडी कपाट उघडलं, बिस्किटांचा चौकोनी डबा काढला, त्यातून एक कागदी पाकीट. "यात काय आहे ते मी सांगणार नाही. घेऊन जा. बासष्ट-त्रेसष्टचं काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस. पण एकदा बघितलं की बघितलं, एवढं लक्षात ठेव."

परतीच्या एसटीत मला दम निघाला नाही. खिडकीशी निगेटिव्ह धरून बघितलं. मोठं निगेटिव्ह होतं, हाताच्या अर्ध्या पंजाएवढं, तरी माणसं तांदळाएवढीच दिसत होती. उलट्या छटांत. पाणी काळंभोर, आकाश काळं. मधोमध एक माणूस वाकलेला. चेहरा काळा आणि केस पांढरेशुभ्र. आज असते तर असेच दिसले असते, असं वाटलं आणि मी ते पाकिटात घालून टाकलं.

ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू होती. मी निगेटिव्ह स्कॅनरवर लावलं. मोठ्या मापाचं स्कॅन हळू चालतं. पडद्यावर फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरत होता. आधी आकाश. मग पलीकडचा डोंगर. मग लाँचचं छप्पर. मग माणसांची डोकी. मग वडिलांचं कपाळ.

चेहरा पूर्ण आला तेव्हा मी स्टुलावरून उठून उभी राहिले. तेच होते. उजव्या भुवईपाशी खोक पडल्याची रेघ, पुढचा एक दात किंचित तिरका. मी विसरले होते तो दात. स्कॅन खाली सरकत होतं. मी हातांची वाट बघत होते. आडव्या हातांची.

हात आडवे नव्हते. डाव्या हातानं, ज्याचं ते कोपर होतं त्या हातानं, त्यांनी एका बाईचं मनगट धरलं होतं. उजवा हात तिच्या कडेवरच्या पोरीच्या पाठीखाली होता. ते त्या दोघींना लाँचवर ओढून घेत होते. त्यांच्या मागं लाँच गच्च भरली होती. एकावर एक माणसं, टोपल्या, टपावरसुद्धा कुणीतरी. आणि ते वाकून आणखी दोघींना घेत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, हाव नव्हती. दारात आलेल्या पाहुण्याला आत घेताना माणसाचा चेहरा असतो तसा होता.

बाईच्या पाठीवर मागून कुणाचा तरी हात होता, तिला चढायला आधार देणारा. हात बाईचा होता, पण ती उजव्या पानावरच्या गर्दीत कुठंतरी झाकली गेली होती.

मी सरांना फोन लावला. "लपवलंत तुम्ही त्यांना."

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुला कुठं ओळखत होतो मी? गाव पेटलेलं होतं. पुस्तक निघालं तेव्हाही धुमसतच होतं. हा फोटो कुणीतरी चौकात लावला असता. मेलेल्या माणसाच्या तोंडावर लोक थुंकले असते. पण फोटो टाकूनही देववेना. म्हणून छापताना मधला तेवढा भाग गाळला, शिवणीत गेल्यासारखा." आणि मग, "मी तुला नको म्हटलं होतं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी दोन्ही गोष्टी करून बघितल्या. बासष्ट आणि त्रेसष्ट ही पानं सरांनी सांगितली तशी सुटी करून फाइलमध्ये टाकली. मग ती काढली आणि पूर्ण फोटो घातला. मग पुन्हा सुटी केली. असं चार वेळा झालं. शेवटी पूर्ण फोटोवालं पुस्तक ऑफिसच्या ई-रीडरमध्ये भरलं, ई-रीडर पर्समध्ये टाकला आणि साहेबांना डोकं दुखतंय सांगून घरी आले.

आई माझ्याकडंच राहायची. खाणावळीतून येऊन मेथी निवडत बसली होती. मी चप्पलही काढली नाही. तो ई-रीडर तिच्या मांडीवरच्या मेथीवर ठेवला.

"बघ."

"काय हाय ह्ये? पाटी?"

"बघ म्हणते ना. तू म्हणाली होतीस, हात आडवे करून उभे होते. बघ कसे उभे आहेत."

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग खाली. दोन्ही हातांनी तिनं ते उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ घेतलं. पंखा चालू होता, मेथीची पानं उडून फरशीवर पडत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"ह्ये बारीक दिसतंय," म्हणाली. "मोठं हुतंय का?"

मी दोन बोटांनी मोठं करून दिलं. वडिलांच्या चेहऱ्यावर तिची नजर थोडीच थांबली. मग ती उजवीकडं गेली आणि तिथंच राहिली.

"इंदू हाय ती. बबनची. आन् कडंवर सोनी."

इंदूताई आणि सोनी, गावातल्या बबनकाकांची बायको आणि मुलगी, सतरांतल्या दोघी. सोनी दोन वर्षांची होती, ती सापडलीच नाही.

"का खोटं बोललीस, आई? अकरा वर्षं मी त्या एका वाक्यावर..." मी तिच्यापुढं खाली बसले. "सगळं जग खोटं आणि आपण खरं, असं धरून चालले मी. आज म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणून आले."

"खोटं न्हाई ते," आई म्हणाली.

"डोळ्यांनी दिसतंय समोर!"

तिनं ई-रीडर बाजूला ठेवला, मेथीची एक काडी उचलली, परत ठेवली. "उद्या गावाला जाऊ."

"कशाला?"

"बबनला दावू."

"आई, ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"नगं करू दे," ती म्हणाली. परत मेथी निवडायला लागली.

खिरवंडीला जायला धक्क्यापर्यंत एसटी आणि पुढं लाँच, हा सोपा रस्ता. आई लाँचवर पाय ठेवणार नव्हती. आम्ही धरणाला वळसा घालून जाणारी एसटी धरली, फाट्यावर उतरलो आणि डोंगराच्या कडेनं दीड तास चाललो. अकरा वर्षांनी ती त्या वाटेवर होती, पण एकदाही थांबली नाही. मीच मागं पडत होते. गावात शिरताना दोघी-तिघी बायका विहिरीवर होत्या. एकीनं आईला ओळखलं. कळशी तशीच धरून ती बघत राहिली.

बबनकाका अंगणात जाळं विणत बसले होते. अपघात झाला तेव्हा ते मुंबईत होते, माथाडी कामाला. निरोप पोचून ते गावी येईपर्यंत इंदूताईंना अग्नी देऊन झाला होता. त्यानंतर ते मुंबईला परत गेले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही.

आईला बघून ते उठले नाहीत. जाळ्याचा दोरा तोंडात होता, तो काढला. "का आला?"

"ह्या पोरीकडं एक फोटू हाय," आई म्हणाली. ती अंगणाबाहेरच उभी होती. "बगा तेवढा. मग जाताव आमी."

"काका," मी म्हणाले, "एका पुस्तकाचं काम करतेय. त्यात इंदूताई आणि सोनी आहेत."

सोनीचं नाव ऐकल्यावर त्यांनी हात पुढं केला.

मी ई-रीडर आडवा करून त्यांच्या हातात दिला, दोघींवर मोठा करून. वडिलांचा चेहरा कडेला निम्मा दिसत होता. तो त्यांनी बघितला की नाही, मला कळलं नाही. त्यांनी सोनीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि पान उलटलं. पडद्यावर कुठल्या तरी घाटावरची भांडी आली.

"गेली," ते म्हणाले. घाबरून.

"बोट लावलं की पान उलटतं, काका. थांबा." मी परत आणून दिलं. क्षणभरानं त्यांनी परत बोट ठेवलं. परत भांडी. मी परत आणलं. तिसऱ्या वेळी मीच ई-रीडर धरून त्यांच्यापुढं उकिडवी बसले, आणि त्यांनी हात पाठीमागं घेतले.

"ह्यात रंग न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही. फोटोच काळा-पांढरा काढलाय. मूळ निगेटिव्हमध्येही रंग नाहीत."

"तिनं फ्रॉक घातलाय त्यो कसला हाय?"

"कळत नाही, काका. फिकट काहीतरी."

"म्या मुंबईस्नं एक धाडला व्हता. पिवळा. गावच्या एकाबरुबर धाडला व्हता, त्येच्या आदल्याच आठवड्यात. पोचला का न्हाई, कळलंच न्हाई मला. इचारायचं कुनाला? जिला इचारायचं ती..." ते माझ्या तोंडाकडं बघत होते, जणू मला माहीत असावं. "त्योच हाय का ह्यो?"

"काका, मला खरंच सांगता येणार नाही."

"पिवळाच हाय," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी वर बघितलं. ती अंगणाच्या कडेला होती तिथंच होती.

"पिवळाच. म्होरं दोन खिसं. इंदूनं त्याच दिवशी घडी मोडली. दवाखान्यात न्यायचीय, तर नवा घालते म्हनली."

बबनकाका हळूहळू उभे राहिले. "तुमाला काय म्हाईत, वैनी?"

आई पुढं आली. माझ्या हातातल्या ई-रीडरपाशी वाकली. बोट लावलं नाही, पडद्यापासून सूतभर अंतरावर धरलं. इंदूताईंच्या पाठीवर जो हात होता, त्यावर.

"ह्यो हात माझा हाय."

मग ती सरळ उभी राहिली आणि बबनकाकांकडं बघून बोलली, सगळं एका दमात, कितीतरी वर्षं पाठ केल्यासारखं.

"पोरीला तीन दिस ताप व्हता. डोळं फिरवत व्हती. इंदू माज्याकडं आली, म्हनली, धक्क्यावर चला, भावजी घ्येनार न्हाईत मला, लाँच भरलीया. मी आले. ह्यांनी दोन्ही हात आडवं केलं व्हतं. कुनालाच घेत नव्हतं. इंदूला बी न्हाई म्हनलं. म्या म्हनलं, आवो, एक बाई आन् एक पोर, त्येचं काय वजन हुतंय? घ्या तिला. ती मागं ऱ्हायली नि पोर हातची गेली, तर तोंड कसं दाखवनार बबनला? तवा ह्यांनी हात काढला. हिला घेतलं. आन् हात काढला तशी मागची धा-बारा मान्सं बी चढली. मग कुनी आयकलंच न्हाई." ती थांबली. "म्या मागनं ढकलली इंदूला. ह्या हातानं."

माझ्या हातातला ई-रीडर मला जड झाला. मी आईकडं बघत होते. जिनं मला तेवढं अर्धंच वाक्य दिलं होतं आणि पुढचं अर्धं स्वतःकडं ठेवलं होतं.

बबनकाका मागच्या पडवीत निघून गेले. आम्ही दोघी अंगणात. आई बसली नाही, मीही तिला बस म्हटलं नाही. आतून काही पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. विहिरीवरच्या बायका आता कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. आईनं त्यांच्याकडं पाठ केली नाही. मला वाटत होतं, तिला घेऊन पळावं, निगेटिव्ह पाण्यात टाकावं, कंपनीला राजीनामा द्यावा, पुस्तकाचं नावही घेऊ नये. 

ते बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, सदऱ्याचा गळा ओला होता. आईकडं त्यांनी बघितलं नाही. माझ्यापुढं उकिडवे बसले.

"परत लाव," म्हणाले.

मी लावलं. त्यांनी हात पाठीमागं धरले आणि बघत राहिले. ई-रीडर मधेच झोपी गेला, पडदा कोरा झाला, मी परत जागा केला. असं तीन-चारदा झालं. मग त्यांनी विचारलं, "ह्ये पुस्तकात येनार?"

"तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार."

"कोन बगनार?"

"कुणीही बघू शकेल."

ते वाकून फोटोच्या खालची जागा बघायला लागले. "खाली नावं लिवत्यात का अशा फोटूच्या?"

"आता नाहीत. लिहिता येतील."

"मग लिव. नुसती मान्सं म्हनून नगं. नावानिशी लिव. इंदू, सोनी..." पुढचं नाव घ्यायला त्यांना वेळ लागला. "आन् कोंडिबा. तिघांची लिव."

"चौघांची," आई म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जाळं ओढून घेतलं, दोऱ्याचं टोक शोधायला लागले. आम्ही निघालो तेव्हा ते पाठमोरेच म्हणाले, मला की कुणाला, माहीत नाही, "फ्रॉक पिवळा व्हता, ते बी लिव. त्यात दिसत न्हाई ते."

त्यानंतर आई आणखी सहा वर्षं जगली. खिरवंडीहून फोन आले, काही शिव्यांचे, काही नुसते गप्प राहून ठेवून दिलेले. ते तीच उचलायची, आणि विचारलं तर "व्हय, मीच ती" एवढं म्हणायची. बबनकाका तिच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

फाइल मी ठरल्या दिवशी पाठवली. आठल्येसरांना ती आधी दाखवली होती. त्यांनी छटांबद्दल दोन दुरुस्त्या सांगितल्या, बाकी काही म्हणाले नाहीत. बासष्ट आणि त्रेसष्ट आता एकच पान आहे, आणि त्याखाली हे आहे : खिरवंडीचा धक्का, मे २००३. लाँचवर घेणारे कोंडिबा सपकाळ. चढणारी इंदू बबन शेलार, कडेवर सोनी, वय दोन वर्षे. इंदूच्या पाठीवरचा हात यमुना कोंडिबा सपकाळ यांचा. सोनीचा फ्रॉक पिवळा, नवा.